चिमूटभर माती

४ नोव्हेंबर, सोमवार

आज पुन्हा. मशीनवर बसले होते, एका ब्लाउजच्या बाह्या लावायच्या राहिल्या होत्या. मान वर केली तर दार उघडं आणि सासूबाई गायब. तशीच अनवाणी फाट्यावर धावले. चहाच्या टपरीवरचा गजानन त्यांना दंडाला धरून घेऊन येत होता. "वहिनी, तिकडून ट्रक येऊन राहिला होता अन् ह्या मधोमध उभ्या. म्हणत्यात कुरुंद्याला जायचं, हळदीला पाणी द्यायचं राहिलं."

कुरुंद्याची हळद! ते शेत दिलीप भाऊजींनी विकलं त्याला दहा वर्षं झाली असतील. आधी मी रोज सांगायचे, आत्याबाई, शेत विकलं. त्या रोज नव्यानं ऐकायच्या आणि रोज नव्यानं रडायच्या. आता सांगत नाही.

दिवाळीला भाऊजी पुण्याहून आले होते. जाताना चपला घालता घालता म्हणाले, "वहिनी, आई आता एकदा जरी रस्त्यावर गेली तरी मी तिला संस्थेत ठेवणार. मला माझ्या आईला हायवेवरून गोळा करायचं नाही." बरोबर आहे त्यांचं. ते पुण्यात बसून नेहमी बरोबरच बोलतात.

गजाननला सांगितलं, हे भाऊजींना कळवू नको.

६ नोव्हें.

आत्याबाई लिहायला लांब पडतं. आ.बा. लिहीन.

एक गोष्ट लक्षात आली. आ.बा. परसात असल्या की कुरुंदा निघत नाही. हात मातीत असले की पाय घरात राहतात. म्हणजे परस जगवायचं. दुसरं औषध मला परवडत नाही आणि डॉक्टरांकडे ते आहे असंही वाटत नाही.

परस म्हणजे काय, तर तेलाचे पत्र्याचे डबे, रंगाच्या बादल्या, एक फुटका माठ, खताच्या रिकाम्या गोण्या. तापल्या सळईनं भोकं पाडलेली. विकत आणलेलं असं काही नाही. माती ओढ्याची, बी मागच्या वर्षीचं. खत आमच्या निळ्या ड्रमातलं. भाजीची देठं, सालं, गजाननच्या टपरीवरचा चहाचा चोथा, वाळका पाला. ड्रमाला खाली तोटी आहे, तिच्यातून काळं पाणी निघतं, ते झाडांना. आ.बां.चं डोकं ठिकाणावर होतं तेव्हा त्यांनीच हे सगळं बसवलं. नियम एकच घालून दिला होता. "शिजलेलं न्हाई टाकायचं. मीठ जातं मातीत."

अडचण अशी की दोघींच्या घरात सालं ती किती निघणार? ड्रम अर्ध्यावर बसलाय. आ.बा. त्यात डोकावतात, "रिकामा हाय गं," म्हणतात आणि दाराकडे निघतात.

१० नोव्हें., रविवार

मारुतीच्या देवळातल्या गुरवकाकांकडे गेले. निर्माल्य मागितलं. त्यांना काय, घागरभर आनंद. "न्या बाई, न्या. उकिरड्यावर टाकलं तर लोकं बोलतेत, हिरीत टाकलं तर सरपंच बोलतो." दोन गोण्या भरून दिल्या. रुईच्या माळा, झेंडू, नारळाच्या शेंड्या, उडीद, कागदाच्या चुरगळलेल्या पुड्या, सगळ्याला तेलाचा वास. गोण्या उचलून ड्रमात उलट्या केल्या. निवडत बसले नाही. देवाचं निवडायचं काय असतं?

आ.बां.ना माळांचे दोरे कापायला बसवलं. दिवसभर एकदाही कुरुंदा नाही.

१७ नोव्हें.

आणखी दोन गोण्या. ड्रम काठोकाठ. गुरवकाका म्हणाले, देवाचं खत, भाजीला पुण्य लागेल. म्हटलं लागू द्या. यांच्या आजारपणात मीही अकरा शनिवार केले होते त्याच मारुतीचे. यांच्या मूत्रपिंडाला काही त्याचा उपयोग झाला नाही. चार वर्षं झाली यांना जाऊन. आता निदान मेथी तरी येऊ दे रे बाबा.

२२ नोव्हें.

मेथीची पहिली जुडी काढली. आ.बां.नी स्वतः खुडली. माझ्यापेक्षा झरझर चालतात बोटं. लसूण घालून परतली. दोन भाकरी खाल्ल्या त्यांनी! "आपल्या रानातली हाय," म्हणाल्या. व्हय म्हणाले मी. मग माझ्या ताटात स्वतःच्या हातानं भाजी वाढली आणि म्हणाल्या, "सुनंदे, तूबी जेव."

महिन्यानं माझं नाव ऐकलं. चूल विझवायच्या निमित्तानं आत गेले आणि रडून घेतलं.

२५ नोव्हें.

ड्रमाच्या तोटीतून पाणी येऊ लागलं. दाट, काळं. पूर्वी एका मगात पाच मग साधं पाणी मिसळायचो. या वेळी घाई होती, दोनच मिसळले. सगळ्या डब्यांना दिलं.

कोपऱ्यातल्या गोणीत आ.बां.ची हळद आहे. जूनमध्ये एक गड्डा लावला होता, आता कमरेएवढी पानं. तिला द्यायला गेले तर मनगट धरलं माझं. जोर केवढा! "न्हाई. हिला नगं." का म्हणून विचारलं तर मगाचा वास घेतला आणि तोंड फिरवलं. म्हातारपणचे हट्ट. दिलं सोडून.

३ डिसें.

पालकाच्या पानांच्या कडा तपकिरी पडल्यात, निखारा लागल्यासारख्या. मिरचीची पानं वळलीत. थंडीनं असेल. भुकेली असतील म्हणून काळं पाणी आणखी दोन दोन मग घातलं.

७ डिसें.

मेथी आडवी पडली. एका रात्रीत सगळा डबा. पालक पिवळा, वांग्याची फुलं गळाली. आ.बा. एकेका डब्यापाशी जाऊन उभ्या राहतात, मग दुसऱ्या, मग दाराशी. "चल गं, रानात जाऊ, इथं काही ऱ्हायलं न्हाई."

दाराला कुलूप घातलं. अर्धा तास कुलूप खडखडवत होत्या. शिलाईची तीन गिऱ्हाइकं ते ऐकून परत गेली.

९ डिसें.

लिहायचं नव्हतं. लिहिते.

दुपारी परसात गेले तर आ.बा. मेथीच्या डब्याशी उकिडव्या बसलेल्या आणि तोंडात माती. ओठाला, हनुवटीला माती. मी ओरडले, "थुंका आधी!" त्यांनी जीभ फिरवली तोंडात, सावकाश, आणि म्हणाल्या, "खारी हाय." मी म्हणाले, "माती हाय ती, साखर लागंल व्हय?" त्यांनी पुन्हा चिमूट घेतली. दुसऱ्या डब्यातली. "हीबी खारी हाय."

मी मारलं. हातावर नाही, गालावर. असं नीट लिहून ठेवते, कारण उद्या मीच म्हणेन हातावर मारलं.

रडल्या नाहीत. माझ्याकडे बघत राहिल्या आणि परक्या माणसाशी बोलावं तसं म्हणाल्या, "खारी हाय ओ बाई."

१० डिसें.

भाऊजींना मीच फोन केला. कुणी सांगितलं नव्हतं करायला. रात्रभर डोळ्याला डोळा नाही, कुलपाचा आवाज डोक्यात, आणि स्वतःच्या हाताची भीती. मी म्हणाले, आई माती खायला लागली. मारल्याचं सांगितलं नाही.

ते म्हणाले, "वहिनी, तुमच्याच्यानं जेवढं झालं तेवढं तुम्ही केलं. आता घरी ठेवून चालणार नाही. परभणीकडे एक संस्था बघून ठेवलीय मी." मी हो म्हणाले. लगेच म्हणाले. फोन ठेवल्यावर हलकं वाटलं, तेही लिहून ठेवते.

येत्या बावीसला, रविवारी येणार.

१४ डिसें.

आ.बां.चे कपडे पिशवीत भरायला घेतले. लुगड्याच्या घडीत हळदीची पानं ठेवलेली, वाळकी. तशीच राहू दिली.

परसात हळदीची गोणी सोडून काही जिवंत नाही. फक्त तीच. पानं आता खालून वाळू लागलीत, पण ते तिचं वयानं वाळणं, रोगानं नाही. एवढं मलाही कळतं.

मग बाकीच्यांना काय झालं?

२० डिसें., शुक्रवार

ड्रम रिकामा करायला काढला. जाणारच आहेत तर कशाला ठेवायचा. डब्यांवर पांढुरकी खपली धरलीय ती आज उजेडात नीट दिसली. बुरशी वाटली होती मला. ड्रमाच्या काठालाही तीच. आतून पावड्यानं ओढत गेले. रुईचे देठ, दोरे, आणि तळाशी त्या कागदाच्या पुड्या, चिंब, फुगलेल्या. एक फाडली. दुसरी फाडली. आत ओल्या खड्यांचा गोळा.

लगेच कळलं असं नाही. बोटाला चिकटलेलं धुताना हाताला चीर होती तिथं चरचरलं, तेव्हा कळलं.

२१ डिसें., शनिवार

देवळात गेले. रांग होती. बायका एकेक करून पुढे होत होत्या. रुईची माळ, पळीभर तेल, आणि कागदाच्या पुडीत मूठभर मीठ. मी खांबापाशी उभी राहून मोजत गेले, मग मोजायचं सोडलं. गुरवकाका म्हणाले, "आवं, शनवारी तेल-मीठच तर वाहतेत लोकं. तुमाला म्हाईत न्हाई व्हय?"

माहीत नाही कसं? अकरा शनिवार मी स्वतः पुडी बांधली होती! घरातल्या बरणीतलं मीठ, यांच्या अंगावरून उतरवून. भाजीतलं मीठ ड्रमात पडू नये म्हणून उरलेला रस्सा मी गटारीत ओतत होते, आणि देवाच्या मिठाच्या चार गोण्या आणून ओतल्या. ते मीठ आहे हे डोक्यातच आलं नाही. देवाला वाहिलं म्हणजे ते निर्माल्य. त्याला दुसरं नाव नाही.

घरी आले, मेथीच्या डब्यातली चिमूट घेतली, जिभेवर ठेवली. खारी.

आ.बा. ओट्यावर बसल्या होत्या. पुढ्यात जाऊन बसले. "आत्याबाई, माती खारी हाय. तुमचं बराबर होतं." वाटलं, काही बोलणार नाहीत. त्या म्हणाल्या, "मंग धू तिला. मीठ पाण्यानंच जातं. धुवायची अन् चाखायची, धुवायची अन् चाखायची." एवढं स्पष्ट! शेतात उभं राहून गड्याला सांगावं तसं. माझ्या सासऱ्यांच्या विहिरीचं पाणी खारट, मचूळ होतं म्हणे, दर उन्हाळ्यात रान असंच चाखून बघायचे दोघं. यांनी कधीतरी सांगितलं होतं मला. ऐकून सोडून दिलं होतं.

भाऊजींना फोन लावला. सगळं सांगितलं. मीठ, पुड्या, सगळं. म्हटलं, त्या खात नव्हत्या, चाखत होत्या. ते म्हणाले, "वहिनी, मी गाडी ठरवलीय. तिथं सांगून झालंय. आणि रस्त्यावर आई गेली ती पण चाखायला गेली होती का?" गजाननकडून कळलं होतं त्यांना. मग त्यांचाही आवाज फाटला. "मला काय हौस आहे का हो?"

नाही. हौस कुणालाच नाही.

२२ डिसें.

गेल्या.

धरून नेण्याची वेळच आली नाही. भाऊजी म्हणाले, "आई, चल, कुरुंद्याला जाऊ." त्या लगेच उठल्या. तोंड धुतलं, नवं लुगडं मागितलं, कपाळाला बुक्का लावला. माझ्याकडे वळून म्हणाल्या, "मागं हळदीकडं बघ. पानं पुरी वाळल्याबिगर काढू नगं." मी बघते म्हणाले. "कुरुंद्यालाच चाललाव ना?" मी व्हय म्हणाले. शेवटचं बोलणं ते. खोटं.

संध्याकाळी भाऊजींचा फोन. कुरुंद्याच्या वळणावर दोन्हीकडे हळद उभी होती. आ.बा. गाडीचं दार उघडायला लागल्या, "आलं, आलं, थांबवा." दार आतून लॉक केलं म्हणाले. पुढं वसमतपर्यंत त्या काचेवर हात मारत होत्या.

२७ डिसें.

परसात गेले नाही. मशीन चालवते. दाराचं कुलूप काढून टाकलं. दार उघडं असतं दिवसभर, कुणी जात नाही.

२ जाने.

धुवायला घेतली. एकेका डब्यातली माती गोणपाटावर पसरायची, बादल्या ओतायच्या, पाणी निथळू द्यायचं, वाळवायचं, चाखायचं. नळाला दिवसाआड पाणी. ज्या दिवशी नळ नाही त्या दिवशी हापशावरून. गजानन म्हणाला, "वहिनी, काहून एवढी तकलीफ? माती तर आहे, ओढ्याची दुसरी आणू की." त्याला काय सांगू? दुसरी माती आणून मला काय मिळणार? धुवायला सांगितलीय ती हीच.

८ जाने.

पाच डबे धुऊन झाले. खारी. थोडी कमी खारी. की मला तसं वाटतं?

१४ जाने., संक्रांत

हळदी-कुंकवाला कुठं जायचा प्रश्न नाही. संस्थेत फोन केला, आ.बां.शी तिळगुळाचं बोलायचं होतं. तिथल्या बाईंनी घेतला. वाईट नाहीत त्या, आवाज थकलेला होता. म्हणाल्या, "आजी अंगणात सोडल्या की माती तोंडात घालतात. म्हणून आता हाताला कापडी पिशव्या बांधतो. जेवताना सोडतो." मी म्हणाले, त्या खात नाहीत हो, चाखून बघतात, शेतकरी बाई आहे ती. त्या म्हणाल्या, "सगळ्यांच्या घरचे असंच काहीतरी सांगतात, ताई."

आ.बां.च्या कानाला फोन लावला त्यांनी. मी म्हणाले, आत्याबाई, तिळगूळ घ्या. पलीकडून, "पाणी दिलं का?" कशाला ते नाही सांगितलं. दिलं म्हणाले.

भाऊजींना विचारलं, परत आणू का. म्हणाले, "जरा रुळू द्या तिला. तुम्ही जाऊन जीव लावू नका." माझ्याच फोननं गेल्या त्या. भांडायला तोंड कुठंय मला?

२६ जाने.

अकरा डबे झाले. एकात परीक्षा म्हणून मूठभर मेथी टाकली.

३ फेब्रु.

मूठभर बियांत चार कोंब. चार! त्यातला एक आज मान टाकून आहे. राहिलेल्या तिन्हींकडे दिवसातून दहा वेळा बघते. हे लक्षण बरं नाही, कळतं मला.

माती रोज चाखते. आधी जिभेला कळायचं, आता रोजच्या चाखण्यानं जीभच मेली असावी. खारी आहे म्हटलं तर आहे, नाही म्हटलं तर नाही.

८ फेब्रु.

हळदीची पानं पुरी वाळली. देठातून आडवी पडली आपोआप. गोणी फाडली. एका गड्ड्याचे केवढे झाले! हाताला धरवेना एवढा घोस, मोडला तर आत केशरी, ताजा वास. आख्ख्या परसात हिलाच काळं पाणी लागलं नव्हतं. त्यांनी मनगट धरलं होतं माझं, म्हणून.

गाल त्यांच्या लक्षात नसेल. माझ्या आहे.

९ फेब्रु., रविवार

उद्या सकाळच्या गाडीनं निघते. वसमतला बदलायची. भाऊजींना विचारलं नाही, पोचल्यावर कळवीन. भेटायची वेळ चार ते पाच, एक तास.

पिशवीत हळदीचे दोन गड्डे घेतलेत, आणि एका कागदात मेथीच्या डब्यातली चिमूटभर माती. पुडी बांधताना हात थांबला. अशाच बांधल्या होत्या अकरा. सोडून पुन्हा जुन्या ब्लाउजच्या कापडात बांधली.

त्या बाईंना म्हणेन, पाच मिनिटं हाताच्या पिशव्या सोडा. नाही सोडल्या तर माझ्या बोटानं त्यांच्या जिभेवर ठेवीन, मग मलाही बाहेर काढलं तरी चालेल. ओळखलं नाही तरी चालेल. खारी आहे की मीठ गेलं, एवढं त्यांनी सांगावं. गेलं म्हणाल्या तर तिथंच भाऊजींना फोन लावीन, त्यांना घरी नेते म्हणून, आणि या वेळी हो म्हणणार नाही.

आणि खारी म्हणाल्या तर?

निजायच्या आधी परत चाखली. मला कळत नाही.